आई-बाबांना घेऊन अडीच दिवसांत रोम पायी कसं पाहावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मेच्या शेवटच्या आठवड्यात रोममध्ये अडीच दिवस आहात. सोबत ६७ वर्षांची आई, ७१ वर्षांचे बाबा आणि ८ वर्षांची मुलगी. बाबांचा एक गुडघा दुखतो. सपाट रस्त्यावर ते रोज दोन-तीन किलोमीटर फिरतात, पण जिने नको म्हणतात. सगळं चालत बघता येईल का, किती किलोमीटर होतील, की हॉप-ऑन (हवं तिथं चढा-उतरा) बसचं तिकीट काढून मोकळं व्हावं?

चालतच बघा. पण किलोमीटरचा हिशेब बाजूला ठेवा, कारण रोममध्ये खरी अडचण अंतराची नसते. पियाझा म्हणजे चौक. पियाझा देल पोपोलोपासून व्हिया देल कोर्सो या रस्त्यानं सरळ पियाझा व्हेनेझियापर्यंत आलात तर साधारण दीड किलोमीटर होतो आणि तिथून कलोसियम एक किलोमीटरच्या आत आहे. ट्रेव्ही कारंज्यापासून पँथिऑन हे प्राचीन मंदिर दहा मिनिटांवर, पँथिऑनपासून पियाझा नाव्होना पाच-सहा मिनिटांवर. रोज तीन किलोमीटर चालणाऱ्या माणसाला हे जड नाही. तरीही इथं दुसऱ्या दिवशी दुपारी ज्येष्ठ मंडळी हॉटेलवर बसून राहतात, आणि ते बहुतेक वेळा तीन कारणांनी होतं: सलग उभं राहणं, पायाखालचा दगड आणि दुपारचं ऊन. मी या शहरात मराठी कुटुंबांना पायी फिरवते तेव्हा दिवस या तीन गोष्टींवर बेतते. अंतर आपोआप आवाक्यात राहतं.

आधी उभं राहण्याचं बोलू, कारण नकाशात ते दिसत नाही. चालताना पोटऱ्यांचे स्नायू रक्त वर ढकलत असतात. एका जागी उभं राहिलं की ते काम थांबतं, पाय जड होतात आणि दुखऱ्या गुडघ्यावर सगळा भार तसाच राहतो. आता मोजा: सुरक्षा तपासणीची रांग वीस मिनिटं, आत मान वर करून छत बघणं पंधरा मिनिटं, कुणीतरी फोटो काढेपर्यंत पाच, आइस्क्रीमच्या दुकानात दहा. पन्नास मिनिटं झाली आणि बाबा दोनशे मीटरसुद्धा चाललेले नाहीत. म्हणून अर्ध्या दिवसात तिकीट आणि रांग असलेलं ठिकाण एकच ठेवा. सलग वीस-पंचवीस मिनिटं उभं राहिल्यावर बसायची जागा कुठं आहे, हे आधी ठरलेलं असू द्या.

बसायच्या जागा हा रोममधला अवघड विषय आहे. स्पॅनिश पायऱ्यांवर २०१९ पासून बसायला बंदी आहे, पोलीस उठवतात आणि दंडही होतो. ट्रेव्हीच्या कठड्यावरही बसू देत नाहीत. पियाझा नाव्होनात दगडी बाक आहेत. पियाझा फार्नेझेमध्ये राजवाड्याच्या भिंतीलगत लांबलचक दगडी ओटा आहे, तिथं निवांत बसता येतं. पण सगळ्यात चांगली जागा म्हणजे चर्च. जुन्या शहरात दर दोन-तीन गल्ल्यांआड एक चर्च सापडतं. बहुतेकांत प्रवेश मोफत, आत गारवा, लाकडी बाक, आणि बसल्या जागी बघण्यासारखं पुष्कळ. अडचण एकच, बरीच चर्चेस साडेबाराच्या सुमारास बंद होतात आणि साडेतीन-चारला उघडतात. ती सकाळीच करून घ्या. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. आईंची साडी किंवा सलवार-कमीज चालते, तुम्ही बर्मुडा घालू नका, मुलीसाठी एक ओढणी जवळ ठेवा.

आता दगड. जुन्या रोमच्या गल्ल्या ज्या काळ्या दगडांनी फरसबंद केल्या आहेत त्यांना सांपिएत्रिनी म्हणतात. हा ज्वालामुखीचा काळा दगड, आपल्या सह्याद्रीच्या बेसाल्टचा भाऊबंद. वरून साधारण बारा सेंटिमीटर चौरस आणि खाली निमुळता असा तो घडवतात आणि वाळूवर ठोकून बसवतात. गाड्यांच्या वजनानं काही दगड खचतात, काही वर येतात, मधल्या फटी उघड्या पडतात. अशा रस्त्यावर प्रत्येक पाऊल थोडं वेगळ्या कोनात पडतं आणि घोट्याला, गुडघ्याला दर वेळी तोल सावरावा लागतो. सपाट रस्त्यावरचे तीन किलोमीटर आणि इथले तीन किलोमीटर यांत फरक पडतो तो यामुळे. शिवाय नकाशावरच्या अंतरात आतलं फिरणं, वाट चुकणं, मागं वळणं धरलेलं नसतं. नकाशा दीड किलोमीटर दाखवत असेल तर तीन धरून चाला.

बूट यासाठीच महत्त्वाचे. तळवा जाड हवा, म्हणजे दगडाची कड टोचत नाही. पण तो इतका मऊही नको की पाऊल आत बुडून घोटा डुगडुगेल. रबरी तळव्याचे, नाडीचे, निदान महिनाभर वापरलेले बूट आणा. चामड्याच्या गुळगुळीत तळव्याच्या चपला पाऊस पडल्यावर या दगडांवर सरळ घसरतात. बाबा काठी वापरत असतील तर टोकाला रबरी टोपण असलेली घ्या, उघडं धातूचं टोक फटीत अडकतं. बऱ्याच ठिकाणी कडेला सपाट फरशीची पट्टी असते, बाबांना त्या बाजूनं चालू द्या.

उन्हाचं गणित तुमच्या बाजूचं आहे. मेअखेरीस पावणेसहाच्या आधी उजाडतं आणि साडेआठनंतर मावळतं, म्हणजे दिवस पंधरा तासांचा. तो सलग वापरायचा नाही. सात ते बारा फिरा, मग जेवण, एक ते चार-साडेचार खोलीवर पडून राहा, पाच ते नऊ पुन्हा बाहेर. दुपारची झोप वाया गेली असं वाटतं आणि लोक ती टाळतात. पण तीच तीन तास बाबांचा गुडघा संध्याकाळसाठी तयार करते.

हॉप-ऑन बस मी घेऊ नका म्हणेन. ती मोठ्या रस्त्यांवरून फिरते. पँथिऑन, नाव्होना, ट्रेव्ही ज्या गल्ल्यांत आहेत तिथं मोठी बस शिरतच नाही, म्हणजे उतरून चालायचं ते चालायचंच. वर थांब्यावर पुढच्या बसची वाट बघत उन्हात उभं राहणं आलं, आणि नेमकं तेच टाळायचंय. लांबच्या टप्प्यांना टॅक्सी करा. ती रस्त्यात हात दाखवून सहसा थांबत नाही, टॅक्सी-थांब्यावर जावं लागतं. नाहीतर साधी बस किंवा मेट्रो: तिकीट दीड युरो, शंभर मिनिटं चालतं, त्यात मेट्रोचा प्रवास एकदाच. बसमध्ये आणि मेट्रोच्या फाटकावर बँकेचं कार्ड टेकवूनही चालतं, पण एका कार्डावर एकच माणूस. दहा वर्षांखालच्या मुलांना मोठ्यांसोबत मोफत आहे. तेर्मिनी रेल्वे स्थानक ते व्हॅटिकन जाणारी ६४ नंबरची बस पाकीटमारांसाठी बदनाम आहे. त्या बसमध्ये आणि मेट्रोत पर्स पोटाशी धरा, मागच्या खिशात काही ठेवू नका.

आता प्रत्यक्ष आखणी. पहिला पूर्ण दिवस जुन्या शहराच्या सपाट भागाला द्या. तिबर नदीच्या वळणातला हा भाग जवळजवळ चढ-उताराशिवाय आहे आणि गुडघ्याला सगळ्यात सोसणारा आहे.

सकाळी सातला ट्रेव्ही गाठा. दहानंतर तिथं माणसांच्या डोक्यांपलीकडे काही दिसत नाही. २०२४ च्या डिसेंबरपासून कुंडाजवळ एका वेळी चारशेच माणसं सोडतात आणि खाली उतरायचे नियम, शुल्क बदलत असतं, ते निघण्याआधी बघून घ्या. वरून, रस्त्याच्या पातळीवरूनही कारंजं पूर्ण दिसतं, त्यामुळे बाबांनी पायऱ्या उतरल्या नाहीत तरी काही हुकत नाही. हे कारंजं १७६२ मध्ये पुरं झालं, पण त्याला पाणी पुरवणारा जलमार्ग इसवी सनपूर्व १९ मधला आहे. तो अग्रिपा या रोमन सेनापतीनं बांधला. हे नाव लक्षात ठेवा, तासाभरात पुन्हा भेटेल.

तिथून एखाद्या कॅफेत नाश्ता. काउंटरपाशी उभं राहून कॉफी घेतली तर स्वस्त, टेबलावर बसलात तर दुप्पट किंवा जास्तही पडते. स्थानिक लोक उभ्यानं पितात हे खरं, पण आई-बाबांसाठी बसायचेच पैसे द्या. ते खुर्चीचं भाडं आहे, आणि कॅफेतलं स्वच्छतागृहही त्याच पैशात वापरता येतं. सार्वजनिक स्वच्छतागृहं इथं मोजकी आहेत, त्यामुळे ही संधी सोडू नका.

मग सांतिन्यात्सियो चर्च. याला घुमट बांधायचा होता, तो कधी झाला नाही. तेव्हा आंद्रेआ पोझ्झो या जेझुइट चित्रकारानं सपाट कापडावर घुमट रंगवून तो वर बसवला. जमिनीवर संगमरवराची गोल चकती आहे, तिच्यावर उभं राहून वर बघितलं की खांब छतातून आभाळात गेलेले दिसतात. मुलीला चकतीवरून हळूहळू पुढं चालत जायला सांगा, घुमट वाकडा होत जातो. बाबांनी तोवर बाकावर बसावं.

इथून पँथिऑन अडीचशे मीटरवर. नऊला उघडतं, तिकीट ५ युरो (जुलै २०२३ पासून), १८ खालच्यांना मोफत. दर्शनी भागावर मोठ्या अक्षरांत अग्रिपाचं नाव आहे, पण त्याची इमारत जळाली. आज दिसते ती सम्राट हॅड्रियनच्या काळातली, इसवी सन १२६ च्या सुमाराची. घुमटाचा व्यास ४३.३ मीटर आणि जमिनीपासून वरच्या भोकापर्यंतची उंचीही तेवढीच, म्हणजे आत एक पूर्ण गोल बसेल. घुमट काँक्रीटचा आहे, पण आत लोखंडाची सळई नाही. खालच्या थरात जड दगडाची खडी आणि वर जाताना हलकी होत जाणारी, अगदी शिखरापाशी प्यूमिससारखा तरंगणारा दगड. वरचं भोक उघडं आहे, पाऊस पडला की आत येतो. जमीन मध्यभागी किंचित फुगीर आहे आणि फरशीत छोटी छिद्रं आहेत, त्यातून पाणी जातं. ती छिद्रं मुलीला शोधू द्या. मे महिन्यात दुपारी एकच्या सुमारास भोकातून येणारा उन्हाचा गोळा उतरत दरवाजाच्या दिशेला आलेला असतो. पण त्यासाठी थांबलात तर गर्दीत सापडाल, तेव्हा नऊची वेळच बरी.

पुढं सान लुइजी देई फ्रांचेझी हे फ्रेंचांचं चर्च, आत डावीकडच्या शेवटच्या कोनाड्यात काराव्हाज्यो या चित्रकाराची संत मॅथ्यूवरची तीन मोठी चित्रं. कोनाडा अंधारा असतो. नाणं टाकलं की दिवा लागतो आणि थोड्या वेळानं विझतो, म्हणून सुटी नाणी जवळ ठेवा. मग पियाझा नाव्होना. या चौकाचा लांबट आकार खालच्या रोमन मैदानाचा आहे, शर्यतींसाठी बांधलेल्या मैदानाच्या प्रेक्षकांच्या जागेवर घरं उभी राहिली. साडेअकरा वाजलेले असतील. एवढ्या सकाळीत नकाशावरचं अंतर दीड किलोमीटरच्या आत आहे.

रस्त्यात जागोजागी ओतीव लोखंडाचे, छातीएवढे उंच खांब दिसतील, त्यांच्या वाकड्या नळीतून पाणी सतत वाहत असतं. यांना नासोनी म्हणतात, म्हणजे मोठ्या नाकवाले. १८७४ पासून ते बसवले गेले आणि शहरात सुमारे अडीच हजार आहेत. पाणी पिण्याचं आहे आणि चांगलं गार असतं. नळीच्या वरच्या बाजूला एक बारीक भोक असतं. खालचं तोंड बोटानं दाबून धरलं की पाणी त्या भोकातून कमानीसारखं वर उडतं आणि न वाकता पिता येतं. बाबांच्या कंबरेसाठी हे उपयोगी आहे. दर माणशी अर्ध्या लिटरची एक बाटली पुरे, बाटल्यांचं ओझं घेऊन फिरायची गरज नाही.

संध्याकाळी पाचनंतर जेझू चर्चपासून सुरुवात करा. गोव्याच्या बॉम जेझुस बासिलिकात संत फ्रान्सिस झेवियरचा देह आहे हे आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक असतं. त्याच्या उजव्या हाताचा पुढचा भाग १६१४ मध्ये वेगळा करून रोमला आणला, तो या चर्चच्या उजव्या बाजूच्या वेदीवर काचेच्या पेटीत आहे. गोवा बघून आलेल्या आई-वडिलांना इथं थांबावंसं वाटतंच. पुढं कांपो दे फियोरी चौक, मग फार्नेझेचा दगडी ओटा, मग पोंते सिस्तो हा पादचारी पूल ओलांडून नदीपलीकडचा त्रास्तेवेरे भाग. परतायला टॅक्सी किंवा ८ नंबरची ट्राम.

दुसरा दिवस कलोसियमचा, आणि इथं कुटुंबानं दोन वाटांनी जावं असं माझं मत आहे. कलोसियम, फोरम (प्राचीन रोमच्या मध्यवर्ती चौकाचे अवशेष) आणि पॅलाटाइन टेकडी यांचं एकच १८ युरोचं तिकीट असतं, २४ तास चालतं, आणि त्यामुळे सगळे ते एका दमात संपवायला बघतात. बाबांना तसं करायला लावू नका. कलोसियमची वेळ ठरलेली असते. अधिकृत संकेतस्थळावर तिकीट तीस दिवस आधी खुलं होतं आणि त्यावर नाव असतं, म्हणून मूळ पासपोर्ट सोबत हवा. मुलीला मोफत आहे, पण तिच्याही नावाचं तिकीट काढावं लागतं. सकाळची पहिली वेळ घ्या. मोठी बॅग आणि काचेची बाटली आत नेता येत नाही. आतले मूळ जिने उंच पायऱ्यांचे आहेत. लिफ्ट आहे, आत शिरल्यावर कर्मचाऱ्याला बाबांचा गुडघा दाखवून विचारा.

बाहेर आल्यावर आई-बाबांनी टॅक्सीनं हॉटेलवर जावं. तुम्ही आणि मुलगी फोरममध्ये जा. कारण फोरममधल्या जुन्या रोमन रस्त्याचे दगड सांपिएत्रिनीपेक्षाही वाईट आहेत: हातभर रुंद, वेडेवाकडे, घासून गुळगुळीत झालेले, आणि दोन दगडांच्या मध्ये पाऊल मुरगळेल एवढी फट. सावली जवळजवळ नाही. पॅलाटाइन तर चढच आहे. एकदा बाहेर पडलात की त्याच तिकिटावर परत आत घेत नाहीत, त्यामुळे पाणी आणि टोपी आत जातानाच असू द्या.

आई-बाबांना फोरम संध्याकाळी वरून दाखवा, कँपिडोलियोच्या टेकडीवरून. पियाझा व्हेनेझियाच्या बाजूनं वर जायला दोन वाटा शेजारी-शेजारी आहेत आणि दमलेली माणसं हमखास चुकीची धरतात. डावीकडचा सरळसोट जिना आराचेली चर्चचा, १३४८ मधला, १२४ पायऱ्यांचा. त्याच्या उजवीकडचा रुंद उतार मायकेलअँजेलोनं आखलेला. त्याच्या पायऱ्या इतक्या ठेंगण्या आणि पसरट आहेत की चढताना गुडघा फारसा वाकत नाही. तो घ्या. वर चौकात सम्राट मार्कस ऑरेलियसचा घोड्यावरचा पुतळा दिसेल (मूळ पुतळा शेजारच्या संग्रहालयात आहे, चौकात प्रतिकृती). समोरच्या इमारतीच्या उजव्या बाजूनं मागं गेलात की कठड्यापाशी सगळं फोरम पायाखाली पसरलेलं असतं: शनीच्या मंदिराचे खांब, सेप्टिमियस सेव्हेरसची कमान आणि लांबवर कलोसियम. सूर्य तेव्हा पाठीमागून येतो, त्यामुळे विटा आणि संगमरवर उजळून निघतात. तिकीट लागत नाही.

उरलेला अर्धा दिवस व्हॅटिकनसाठी, आणि इथं निवड करावीच लागेल. सेंट पीटर्स बासिलिका आणि व्हॅटिकन संग्रहालयं दोन्ही अर्ध्या दिवसात बसवलीत तर बाबांचे पाय आणि तुमची सहनशक्ती दोन्ही संपतील. संग्रहालयाचं दार चौकातून भिंतीला वळसा घालून दहा-पंधरा मिनिटांवर आहे, आत बसायच्या जागा कमी, आणि सिस्टीन चॅपेलपर्यंत लांबच लांब दालनं. तुमच्या मंडळींसाठी मी बासिलिका घेईन: प्रवेश मोफत, सकाळी सातला उघडते, त्या वेळी तपासणीची रांग छोटी असते. बुधवारी सकाळी पोपच्या सभेमुळे अडचण होते, तो वार टाळा. घुमटावर जायला ५५१ पायऱ्या आहेत. लिफ्ट घेतली तरी वर ३२० उरतात, आणि शेवटचा जिना घुमटाच्या भिंतीबरोबर तिरका होत जातो. बाबांनी खाली थांबावं. चौकात मधल्या स्तंभाच्या आणि दोन्ही कारंज्यांच्या मध्ये जमिनीत एकेक गोल दगड आहे. त्यावर उभं राहिलं की बेर्निनी या शिल्पकारानं आखलेल्या खांबांच्या चार रांगा एकामागं एक लपून एकच रांग दिसते. एक पाऊल बाजूला सरकलात की चारही बाहेर येतात.

खाण्याचं थोडक्यात: वजनावर मिळणारा चौकोनी पित्सा सगळ्यांना चालतो. शाकाहारी असाल तर भाताचे तळलेले सुप्ली विचारून घ्या, त्यात बऱ्याचदा मांसाचा रस्सा असतो. 'सेंत्सा कार्ने?' म्हणजे 'मांसाशिवाय?' एवढं पाठ करा. शाकाहाराचं पथ्य काटेकोर असेल तर पेकोरीनो चीजमध्ये प्राण्यापासून काढलेलं विरजण असतं, हेही ध्यानात ठेवा.

या सगळ्यातली एक गोष्ट मात्र तुमच्या हॉटेलवर अवलंबून आहे, दुपारची विश्रांती. तेर्मिनी स्थानकाजवळ खोल्या स्वस्त मिळतात, पण तिथून दुपारी परत येणं आणि पुन्हा निघणं म्हणजे रोज दोन जास्तीचे प्रवास. मग लोक विश्रांतीच सोडून देतात. पँथिऑन, नाव्होना किंवा कांपो दे फियोरीच्या आसपास खोली छोटी आणि महाग पडेल, तरी घ्या. लिफ्टची चौकशी करताना 'लिफ्ट आहे का' एवढंच विचारू नका. जुन्या इमारतींत ती पुष्कळदा रस्त्यापासून दहा-बारा पायऱ्या चढून गेल्यावर सुरू होते, आणि तिच्यात दोनच माणसं मावतात. रस्त्याच्या दारापासून खोलीपर्यंत एकूण किती पायऱ्या आहेत, ते आकड्यात लिहून मागा.